मोटारसायकलची घरच्या घरी निगा

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खेड्यांत मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. पहाटे दुधाचे कॅन डेअरीवर पोचविणे, बाजारातून बियाण्याच्या पिशव्या आणणे, रात्री-अपरात्री आजारी माणसास आरोग्य केंद्रात नेणे, ही सारी कामे तिच्यावर पडतात. १९८५ साली वाळूज येथे बजाज ऑटो कंपनीचा कारखाना सुरू झाला आणि गाड्या बनविण्याच्या कामात या भागातील कित्येक तरुणांचे हात बसले. तरीसुद्धा शेतावर गाडी बंद पडली की ती ढकलत तालुक्याच्या गावी न्यावयाची, हाच प्रघात पुष्कळ ठिकाणी दिसतो. पेरणीच्या दिवसांत असा एक दिवस वाया जाणे शेतकऱ्यास परवडणारे नसते. आणि यांतील निम्म्या खोड्या तरी घरच्या पान्याने दूर होण्यासारख्या असतात.

गाडी सुरू होत नसल्यास प्रथम किक मारीत बसू नये. इंजिनास चालण्यासाठी योग्य प्रमाणात हवा व पेट्रोल, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब, एवढ्याच गोष्टी लागतात. त्यांपैकी कोणती कमी पडली, हे क्रमाने पाहावे. किल्ली व हँडलवरील बंद करण्याचे बटण चालू स्थितीत आहे काय? साइड स्टँड वर घेतला आहे काय? काही नव्या गाड्या तो खाली असता सुरूच होत नाहीत. टाकीत पेट्रोल आहे काय? या प्रश्नांना कोणी हसेल, परंतु मेकॅनिककडे आणलेल्या गाडीत दोष एवढाच निघाल्याचे प्रसंग थोडे नाहीत.

यानंतर प्लग पाहावा. इंजिन थंड झाल्यावर प्लगभोवतीची माती पुसून मगच तो काढावा, नाहीतर तीच माती सिलिंडरमध्ये उतरते. टोक फिकट तपकिरी असल्यास सर्व ठीक समजावे. कोरडी काळी काजळी असल्यास पेट्रोल जास्त व हवा कमी जात आहे; अशा वेळी एअर फिल्टर तुंबलेला असण्याचा संभव मोठा. प्लग पेट्रोलने ओला असेल तर ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल फार गेले आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑईल जाळीत आहे, आणि ते काम घरचे नव्हे. पावसात किंवा गाडी धुतल्यावर ती बंद पडल्यास बहुधा प्लगच्या टोपीत पाणी शिरलेले असते. कोरड्या फडक्याने पुसल्याने काम भागते. पंपाच्या पाइपाने जोराचा फवारा मारून गाडी धुण्याची सवय या दृष्टीने वाईट होय.

ठिणगी तपासताना प्लग टोपीत बसवून त्याचे धातूचे अंग इंजिनाच्या धातूस टेकवावे, पेट्रोलचा कॉक बंद करावा, प्लगच्या भोकावर फडके दाबावे आणि मग किक मारावी. प्लग उघड्या हाताने धरू नये. ही परीक्षा जुन्या कार्बोरेटरच्या गाडीपुरतीच ठेवावी. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमानंतरच्या बहुतेक गाड्यांत पेट्रोल इंजेक्शनने जाते. तेथे किक मारताच भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येऊन आग लागण्याचे भय असते. प्लग परत बसविताना पहिले तीन-चार आटे हातानेच फिरवावेत. वाकडा प्लग पान्याने दाबून बसविल्यास ॲल्युमिनियमचे आटे जातात.

पेट्रोलविषयी थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. आता पंपावरील पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. ते शेतकऱ्याच्याच उसापासून व धान्यापासून तयार होते, ही गोष्ट चांगली. पण इथेनॉल पाणी ओढून घेते. टाकीत पाणी फार झाल्यास ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते आणि गाडी धक्के देऊन बंद पडते. शंका आल्यास थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून स्थिर ठेवावे. तळाशी निराळा थर दिसला तर टाकी रिकामी करून घ्यावी. इंजेक्शनच्या गाडीत पंप टाकीतच असतो व पेट्रोलनेच थंड राहतो, म्हणून टाकी पार कोरडी होईपर्यंत गाडी चालवू नये. एम-८०सारख्या टू-स्ट्रोक गाडीच्या काळातील पेट्रोलमध्ये ऑईल घालण्याची सवय काही वडीलधाऱ्यांना अजून आहे. हल्लीच्या फोर-स्ट्रोक इंजिनास त्याची गरज नाही.

या जिल्ह्यात गाडीचा खरा शत्रू म्हणजे उन्हाळ्यातील धूळ आणि पावसाळ्यातील काळ्या जमिनीचा चिखल. धुळीचे बारीक कण फिल्टरमधून आत गेल्यास पिस्टनच्या रिंगा व सिलिंडर घासतात, निळा धूर येऊ लागतो आणि शेवटी बोअर-पिस्टनचा मोठा खर्च उभा राहतो. फोमचा फिल्टर रॉकेलमध्ये धुऊन, पिळून, सुकवून, इंजिन ऑईलमध्ये बुडवून पुन्हा पिळावा. कागदी फिल्टर कधीही धुऊ नये. तेल लावलेला कागदी फिल्टर झटकूही नये. तो बदलावा लागतो. कच्च्या रस्त्यावर रोज फिरणाऱ्याने पुस्तिकेत दिलेल्या मुदतीच्या आधीच फिल्टर उघडून पाहावा. चिखलाचे निराळेच आहे. इंजिनाच्या पात्यांत तो वाळून बसला की वाऱ्याने थंड होणारे इंजिन तापते. म्हणून ओला असतानाच काढावा, मात्र तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये.

चेन रॉकेलने पुसून तिला ९० नंबरचे गिअर ऑईल लावावे. खालच्या बाजूस मध्यभागी बोटाने वरखाली केली असता ती साधारण २० ते ३० मिलिमीटर हलावी. नेमके माप पुस्तिकेत असते. इंजिन चालू ठेवून, गिअर टाकून चेन पुसण्याचा प्रकार सर्रास चालतो. असे करताना फडके ओढले जाऊन बोटे तुटतात. चाक हातानेच फिरवावे.

ब्रेककडे मात्र सर्वांत आधी पाहावयास हवे, कारण इंजिन बिघडले तर गाडी थांबते, ब्रेक बिघडला तर ती थांबत नाही. दोन कॅन दूध किंवा चाऱ्याचा भारा लादलेल्या गाडीस थांबण्यास अधिक अंतर लागते. मागच्या ड्रम ब्रेकचे पायडल २० ते ३० मिलिमीटर मोकळे दबून मग ब्रेक लागावा. जास्त दबत असल्यास दांडीवरील नट फिरवून ते कमी करावे आणि चाक हाताने मोकळे फिरते की नाही हे पाहावे. बाहेरील खूण मर्यादेपर्यंत पोचली असल्यास नट आवळून उपयोग नाही, लायनर बदलावेत. दोन्ही ब्रेक जोडलेल्या नव्या गाड्यांचे हे काम कारागिराकडूनच करून घ्यावे. ओढा ओलांडल्यावर ब्रेक ओले होतात. सावकाश चालत ते दोन-तीनदा हलके दाबून सुकवावेत.

शंभर सीसीच्या गाडीत ऑईल सुमारे १ लिटर असते, म्हणून थोडी घटही तिला बाधते. सपाट जागी गाडी उभी करून दर आठवड्यास पट्टीवर पातळी पाहावी. काढलेले काळे ऑईल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये. डब्यात साठवून गॅरेजवाल्यास द्यावे. इंजेक्शनच्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा चालू गाडीतही लागून राहिल्यास तारा उपसू नयेत, ती यंत्रावर तपासून घ्यावी लागते.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी मृगाच्या आधी एखाद्या सायंकाळी चावडीसमोर दोन-तीन गाड्या उभ्या करून फिल्टर, प्लग व ब्रेक यांचे प्रात्यक्षिक दाखविल्यास बरे. त्यास प्लगपाना, १० ते १७ नंबरचे पाने, स्क्रू ड्रायव्हर, पक्कड व हवेचा दाब मोजण्याचे साधन एवढेच लागते.