टोरोंटोचे रूळ आणि रस्ते

टोरोंटोतले ट्रामचे रूळ सरळ रस्त्यावर साधारण 25 ते 30 वर्षे टिकतात. वळणांवर आणि चौकांत ते त्याआधीच झिजतात. मुदत संपली की भर वस्तीतला रस्ता खणून नवे रूळ घालण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणजे ट्रामचा प्रत्येक रस्ता पिढीतून एकदा उघडा पडतो. तो बुजवताना पहिल्यासारखाच करायचा की त्याची मांडणी बदलायची, हे त्या एका वेळी ठरवावे लागते. तेव्हा ठरवले नाही, तर पुढची संधी पाव शतकानंतर येते.

या शहरात घोड्यांची ट्राम 1861 मध्ये सुरू झाली आणि विजेची 1892 मध्ये. 1921 पासून ती सार्वजनिक परिवहन आयोगाकडे, म्हणजे आजच्या टीटीसीकडे आहे. रुळांमधले अंतर 1495 मिलिमीटर, नेहमीच्या रेल्वेपेक्षा 60 मिलिमीटर जास्त आहे. त्यामुळे प्रत्येक नवी गाडी टोरोंटोसाठी मुद्दाम बांधून घ्यावी लागते. मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 रोजी बंद झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी टोरोंटोनेही 1980 पर्यंत आपली ट्राम गुंडाळण्याचे ठरवले होते. नागरिकांच्या एका गटाने आकडेवारीनिशी बाजू मांडली आणि 7 नोव्हेंबर 1972 रोजी आयोगाने तो निर्णय फिरवला.

गाड्या वाचल्या, पण तोवर रुळांचे नुकसान होऊन गेले होते. लवकरच उखडायचे म्हणून ते कामचलाऊ पद्धतीने घातलेले होते: प्रक्रिया न केलेले लाकडी स्लीपर, वेल्डिंग न केलेले जोड आणि सभोवती थेट काँक्रीट. ही पद्धत बंदीचा निर्णय फिरल्यानंतरही बराच काळ चालू राहिली. जड गाडी जोडावरून गेली की धक्का बसतो, त्याची थरथर काँक्रीटमध्ये उतरते आणि बारीक भेगा पडतात. भेगांतून पाणी शिरते, टोरोंटोच्या हिवाळ्यात ते गोठून फुगते आणि काँक्रीट फुटते. खालचे लाकूड कुजते ते वेगळेच. असे रूळ 10-15 वर्षांत खिळखिळे झाले आणि शेजारच्या घरांच्या भिंतीही गाडीबरोबर हादरू लागल्या.

1990 च्या दशकापासून पद्धत बदलली. आता आधी काँक्रीटचा पाया घालतात. त्यावर पोलादी स्लीपर बसवून त्यांच्याभोवती दुसरा थर ओततात. रुळांचे तुकडे वेल्डिंगने सलग जोडतात, त्यांना रबराचे वेष्टन चढवतात आणि शेवटी रुळाच्या माथ्यापर्यंत तिसरा थर भरतात. रबरामुळे थरथर काँक्रीटपर्यंत कमी पोहोचते. जोड नसल्याने धक्का मुळातच कमी असतो. या रचनेतली खरी दूरदृष्टी थरांच्या विभागणीत आहे. पुढच्या वेळी रूळ झिजले, की फक्त वरचा थर फोडून ते बदलता येतात. पाया आणि स्लीपर जागचे हलवावे लागत नाहीत आणि खोदकामाचे दिवस कमी होतात.

चौकांचे काम याहून कितीतरी अवघड. किंग आणि स्पडायना या रस्त्यांच्या चौकात चारही बाजूंनी येणारी ट्राम सरळ, डावीकडे किंवा उजवीकडे जाऊ शकते. इतक्या वळणांचे रूळ एकमेकांना छेदतात, तेव्हा प्रत्येक तुकडा त्या जागेसाठी वेगळा घडवावा लागतो. शिवाय गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणाऱ्या टोरोंटोच्या सांध्यांना एकच हलती पट्टी असते. रेल्वेच्या सांध्याला दोन असतात. त्यामुळे रूळ नवे कोरे असले तरी गाड्यांना चौक अगदी सावकाश ओलांडावा लागतो.

रूळ काढलेच आहेत तर खालच्या जलवाहिन्या आणि मलवाहिन्याही बदलून घ्याव्यात, हे उघड शहाणपण आहे. पण पालिकेचे खाते, परिवहन आयोग, वीज आणि गॅसच्या कंपन्या यांची वेळापत्रके जुळवणे हेच अशा कामातले सर्वांत कष्टाचे काम असते. ती जुळली नाहीत, तर नवे काँक्रीट पुन्हा फोडण्याची पाळी येते.

वेळापत्रके जुळली आणि मांडणीचाही विचार झाला तर काय साधते, याचे उत्तम उदाहरण म्हणजे शहराच्या पश्चिम भागातला रॉन्सेसव्हेल्स अव्हेन्यू. तिथे 2009 ते 2011 या काळात आधी वाहिन्या आणि मग रूळ बदलले. ट्राम रस्त्याच्या मधून धावते, त्यामुळे प्रवाशांना पदपथावरून उतरून, मोटारींची एक रांग ओलांडून गाडीत चढावे लागे. ट्रामची दारे उघडी असताना मागच्या वाहनाने दोन मीटर अलीकडे थांबावे, असा ओंटारिओ प्रांताचा कायदा आहे. तो सगळेच पाळत नाहीत. नव्या मांडणीत थांब्यांपाशी पदपथच रुळांपर्यंत पुढे आणला. प्रवासी आता पदपथावरून थेट गाडीत चढतो. सायकलची वाट या उंचवट्यावरूनच जाते आणि प्रवासी चढत-उतरत असताना सायकलस्वाराने थांबायचे असते. पुढे 2014 मध्ये नव्या, सपाट तळाच्या, 30 मीटर लांबीच्या गाड्या आल्या. चाकाच्या खुर्चीतून किंवा बाबागाडी घेऊन येणाऱ्यांना तेव्हा या उंचवट्यांचे मोल अधिकच कळले.

सेंट क्लेअर अव्हेन्यूचा अनुभव कडवट होता. रुळांची मुदत भरली म्हणून ट्रामला रस्त्याच्या मधोमध राखीव पट्टा देण्याचे ठरले. काही रहिवासी आणि दुकानदार न्यायालयात गेले आणि 2005 मध्ये काम थांबले. ते पुन्हा सुरू होऊन संपायला 2010 उजाडले. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला. टप्प्याटप्प्याने खणलेल्या रस्त्यावर दुकानदारांची कित्येक वर्षे आबाळ झाली. त्यांचा राग समजण्यासारखा होता. तरीही राखीव पट्ट्याचा निर्णय योग्यच म्हणावा लागतो, कारण मोटारींच्या रांगेत अडकलेली ट्राम कितीही मोठी असली तरी वेळेवर पोहोचत नाही.

किंग स्ट्रीटवर हेच तत्त्व जवळजवळ खोदकामाशिवाय वापरून पाहिले गेले. नोव्हेंबर 2017 मध्ये बॅथर्स्ट ते जार्व्हिस या 2.6 किलोमीटरच्या पट्ट्यात मोटारींना मुख्य चौक सरळ ओलांडायला बंदी झाली. त्यांनी उजवीकडे वळून बाहेर पडायचे. थांबे चौकाच्या पलीकडे हलवले. कामाच्या दिवशीचे प्रवासी सुमारे 72,000 वरून 84,000 वर गेले आणि एप्रिल 2019 मध्ये नगर परिषदेने ही व्यवस्था कायम केली.

रॉन्सेसव्हेल्सच्या दक्षिण टोकाला किंग, क्वीन, द क्वीन्सवे आणि रॉन्सेसव्हेल्स हे चार रस्ते एकत्र येतात. शेजारीच ट्रामचे आगारही आहे. हा चौक 2021 ते 2023 या काळात मुळापासून नव्याने बांधला गेला. रूळ, जलवाहिन्या आणि सिग्नल बदललेच, शिवाय मोटारींना न थांबता वळण्यासाठी असलेली तिरकी मार्गिका काढून तिची जागा पादचाऱ्यांना दिली. द क्वीन्सवेवरचा ट्रामचा राखीव पट्टा पार्कसाइड ड्राइव्हपर्यंतच होता, तो रॉन्सेसव्हेल्सपर्यंत वाढवला. या काळात पश्चिमेकडच्या प्रवाशांना ट्रामऐवजी बसवर भागवावे लागले.