पाण्यात गेलेल्या बायका

आमच्या भिशीचं दरवर्षी काहीतरी ठरतं. एक वर्ष स्टीलचे डबे झाले, एक वर्ष पैठण्या (येवल्याच्या म्हणून घेतलेल्या, कुठल्या होत्या देव जाणे), एक वर्ष शेगाव-माहूर. यंदा सगळ्यात धाकटीनं ‘समुद्र’ म्हटलं आणि कोणीच नाही म्हटलं नाही! आम्ही अकरा जणी, वयं अडतीस ते एकसष्ट. बीपीच्या गोळ्या चौघींना, चष्मे सात जणींना. आणि पोहता येणारी? एकही नाही.

मैत्रिणींनो, हे ऐकून तुम्हाला नवल वाटलं नसेल, कारण तुमच्याही भिशीत तेच निघेल. आपल्या यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही, पण पाणी आहे. एका अंगानं वर्धा, दुसऱ्या अंगानं पैनगंगा. आमच्या दिग्रसजवळ अरुणावतीचं धरण, पुसदकडे पूस आणि इसापूर. गावागावांत विहिरी. त्या विहिरींतच आमचे भाऊ पोहायला शिकले, पाठीला वाळलेला भोपळा नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधून. आम्ही काठावर धुणं धूत होतो. पाणी शेंदणं, भरणं, डोक्यावर आणणं, गाळणं, पुरवणं, सगळं आमच्याकडे. फक्त पाण्यात उतरणं तेवढं त्यांच्याकडे.

आणि दुसरीही एक गोष्ट आहे. आमच्याकडे ‘ती बाई पाण्यात गेली’ म्हटलं, की ती कशी गेली, का गेली हे कोणी विचारत नाही. त्याचा एकच अर्थ होतो. माझ्या मोठ्या जाऊबाईंची धाकटी बहीण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी अशी विहिरीत गेली. त्याला आता चाळीस वर्षं होतील. घरात त्यावर बोलणं होत नाही. पण जाऊबाई विहिरीत वाकून कधी पाहत नाहीत, हे मी लग्न होऊन आल्यापासून बघते आहे. त्या आमच्या भिशीत आहेत. मालवणला येते म्हणाल्या तेव्हा मीच दोनदा विचारलं, “येता ना नक्की?” तर म्हणाल्या, “येतो नं बाप्पा. मी काठावरूनच पाहीन. पैसे तं सारखेच भरले.”

घरोघरी परवानगीचा कार्यक्रम झाला. आमच्या मुलानं मोबाइलवर बातमी काढून दाखवली. २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला होता. बातमी खरी आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. मी त्याला एवढंच म्हटलं, की एसटीला अपघात झाला म्हणून आपण एसटीत बसायचं थांबत नाही, ड्रायव्हर बघून बसतो. मग बोट बघून बसायचं म्हणजे काय बघायचं, हे आम्ही आधीच विचारून ठेवलं. होडीची नोंदणी महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे का, किती माणसं न्यायची परवानगी आहे, आणि मोजून तेवढीच चढवतात का. लाइफ जॅकेट प्रत्येकीला, आपल्या मापाचं, किनाऱ्यावरच घालायचं आणि परत किनाऱ्यावर येऊनच काढायचं. ‘आत गेल्यावर देतो’ म्हणणाऱ्याच्या होडीत पाय ठेवायचा नाही. आम्ही पहिल्या होडीवाल्याला याच कारणानं नमस्कार केला. तो चिडला. चिडू दे.

आपली शकुंतला केव्हाच थांबली, त्यामुळे एसटीनं बडनेरा, तिथून रात्रीच्या गाडीनं ठाणं, मधला दिवस एकीच्या नणंदेकडे, आणि कोकणकन्येनं सकाळी कुडाळ. तिथून मालवण तासाभराचा रस्ता. थकवा येतो, पण रेल्वेतल्या तिळाच्या पोळ्या आणि गप्पांचा भाग धरला तर प्रवास फुकट गेला असं नाही.

खरा वाद झाला कपड्यांवरून. साडी नेसून समुद्रात उतरता येत नाही. पायात अडकते, ओली झाली की ओढते. ओढणी तर त्याहून धोक्याची. होमस्टेच्या वहिनींनी सांगितलं, लेगिंग आणि पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला, ऊनही लागणार नाही. आमच्यातल्या तिघींनी आयुष्यात पहिल्यांदा टी-शर्ट घातला, तोही मुलाचा! मंगळसूत्रं आणि बांगड्या एका पिशवीत बांधून खोलीत ठेवल्या, कारण सैल दागिना दोरीत अडकतो. पाळीचंही टेन्शन दोघींना होतं. पाळी पुढे ढकलायची गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः बीपी किंवा गुठळ्यांचा त्रास असेल तर. दमा, फिट, हृदयाचा त्रास असला तर तो होडीवाल्यालाही निघण्याआधी सांगायचा, लाजायचं नाही.

सकाळी आठला होडी निघाली. आधी कर्ली नदी समुद्राला मिळते तो देवबागचा संगम. एका बाजूला हिरवट शांत पाणी, दुसऱ्या बाजूला लाटा, आणि मधली रेघ डोळ्यांना दिसते. पुढे होडी हलायला लागली तशी दोघींच्या पोटात ढवळलं. मोबाइलमध्ये डोकं घालून बसल्या होत्या ना! दूर पाणी आणि आभाळ मिळतं तिकडे नजर लावा म्हटल्यावर थोडं बरं वाटलं. डॉल्फिन दिसले का, तर दोन काळ्या पाठी दिसल्या. फोटोत एकही आली नाही.

मग सिंधुदुर्ग. महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा किल्ला १६६७ मध्ये पुरा झाला. तो पाहायला आम्ही दुसऱ्या दिवशी वेगळ्या गेलो. चहूकडे खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याच्या तीन विहिरी, दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव! टँकरची वाट पाहिलेल्या बायकांना तटबंदीपेक्षा त्या विहिरींचंच जास्त कौतुक वाटलं, तर त्यात आमचं काय चुकलं?

पण त्या दिवशी होडी किल्ल्याजवळच्या खडकांपाशी नांगर टाकून थांबली. इथला समुद्र १९८७ पासून मालवण सागरी अभयारण्य आहे. पाणी दहा-बारा फूट खोल असेल. होडीवरच्या मुलानं मुखवटा दिला, डोळे आणि नाक झाकणारा. तोंडात धरायची नळी वेगळी. हेच स्नॉर्केलिंग. स्कूबासारखी पाठीवर टाकी नाही, खोल जाणं नाही. पालथं तरंगायचं, तोंड पाण्यात, नळीचं टोक हवेत, आणि श्वास तोंडानं. हे तोंडानं श्वास घेणंच सगळ्यात अवघड जातं. आधी होडीतच दहा मिनिटं सराव केला. अकरा बायका नळ्या तोंडात धरून घोंघों करत बसल्या होत्या, त्याचा मात्र फोटो आहे आणि तो कोणालाही मिळणार नाही. चष्मा मुखवट्याच्या आत बसत नाही. पण पाण्याखालची वस्तू थोडी मोठी आणि जवळ दिसते, त्यामुळे कमी नंबरवाल्यांचं निभतं. काचेवर वाफ धरू नये म्हणून आतून थुंकी चोळायची. शीः म्हणून झालं, मग सगळ्यांनी चोळली.

बुडणार का, हा प्रश्न सगळ्यांच्या मनात. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, त्यामुळे ते विहिरीच्या पाण्यापेक्षा जड, आणि अंगाला वर उचलून धरतं. शिवाय चरबी पाण्यापेक्षा हलकी, म्हणजे कमरेवरच्या ज्या वळ्यांसाठी आपण इतकं ऐकून घेतो, त्या इथे कामाला येतात. वर लाइफ जॅकेट. खरं म्हणजे पालथं पडल्यावर बुडायचं कसं हाच प्रश्न असतो. पण हे शरीराला पटायला वेळ लागतो. पहिल्या मिनिटाला मी मुलाचा हात इतका आवळला की त्याच्यावर माझ्या नखांच्या खुणा उठल्या. “काय होवचा नाय, घाबरू नको गो,” तो म्हणत होता. नळीत पाणी गेलं, ठसका लागला, वर आले, परत तोंड घातलं.

आणि मग दिसलं. खडकावर तपकिरी, करडे, शेवाळी रंगाचे गोळे, काही कोबीच्या गड्ड्यासारखे. ते प्रवाळ, आणि ते जिवंत असतं. आपल्या अंगठीतलं लाल पोवळं याच्याच नात्यातलं, पण ते वेगळ्या जातीचं. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेल्या माशांचा थवा अगदी नाकासमोरून गेला. आजूबाजूला आपल्याच श्वासाचा आवाज, बाकी काही नाही. घरातलं, गावातलं काहीही तिथे ऐकू येत नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. शेजारच्या होडीवाल्यानं मासे गोळा व्हावेत म्हणून पावाचे तुकडे टाकले. मासे येतात, फोटो छान येतात, पण पाव काही त्यांचं अन्न नाही. खडकावरचं शेवाळ खायचं सोडून ते पावाच्या नादी लागतात. तुम्ही गेलात तर पाव टाकू नका म्हणून सांगा. प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, तुकडा आणायचा नाही. दगडासारखी ही सगळी प्रवाळं वन्यजीव कायद्यानं वाघाइतकीच संरक्षित आहेत.

जाऊबाई होडीतच होत्या. दहा जणी उतरून, ओरडून, हसून वर आल्या तरी त्या फळीला धरून बसलेल्या. कोणी आग्रह केला नाही. मग त्यांनीच विचारलं, “किती खोल आहे?” मुलानं सांगितलं. “तळ दिसते का?” दिसतो म्हटलं. त्या शिडीवरून उतरल्या, एकेका पायरीला थांबत. मी एका बाजूला, मुलगा दुसऱ्या. मुखवटा लावला, तोंड पाण्यात घातलं, लगेच वर काढलं. परत घातलं. मग कितीतरी वेळ वर आल्याच नाहीत. नळीतून श्वास चालू होता, म्हणून मी गप्प राहिले. वर आल्या तेव्हा मुखवटा काढला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “मले वाटे खाली अंधार असते वं. उजेड हाये. सारं दिसते.” एवढंच. आणि परत तोंड घातलं. होडीवाल्याला एकची वेळ गाठायची होती, तरी त्यानं घाई केली नाही. त्या माणसाचं मला आजही बरं वाटतं.

संध्याकाळी खाडीच्या शांत पाण्यात आणखी एक प्रकार, पॅडलबोर्ड. दहाएक फूट लांब रुंद फळी, तिच्यावर उभं राहून लांब दांड्याचं वल्हं मारायचं. आधी गुडघ्यांवर बसायचं, मग एकेक पाय टाकत उठायचं. पाय खांद्याइतके दूर, गुडघे किंचित वाकलेले, नजर पायांकडे नाही, समोर. घोट्याला दोरी बांधलेली असते, पडलो तर फळी पळून जात नाही. शिकवणाऱ्या पोरानं सांगितलं, पुण्या-मुंबईची पोरंपोरी पहिल्या पाच मिनिटांत दहादा पडतात. आमच्यातल्या पाच जणी दुसऱ्या प्रयत्नात उभ्या! तो चकित. आम्ही नाही. लहानपणी चुंबळीवर गुंड, त्यावर दुसरं गुंड आणि कडेवर धाकटं पोर घेऊन शेताच्या बांधावरून चाललेल्या बाईला कमरेतून तोल सांभाळायचं कोण शिकवणार? नजर समोर ठेवायचं तर नकोच. मी चार वेळा पडले, कारण मी तालुक्याच्या गावात नळाच्या पाण्यावर वाढले.

परतीच्या आदल्या दिवशी वेंगुर्ल्याला गेलो. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाच्या बायका २०१७ पासून कांदळवनाची सफर घडवतात. इंजिन नाही, वल्ह्याची होडी. वल्हवतात बायका आणि माहिती सांगतात त्याही बायकाच. पाण्यातून वर आलेल्या मुळांतून खारफुटी श्वास कसा घेते, माशांची पिल्लं तिथे कशी वाढतात, कोणता पक्षी कुठे बसतो. बचत गट आपल्याकडेही गल्लोगल्ली आहेत. पापड, लोणची, शिवणकाम झालं. आमच्या अध्यक्षबाई होडीतून उतरल्यापासून एकच विचारत होत्या, अरुणावतीवर असं काही करायचं तर परवानगी कोणाकडे मागायची? कोणाला माहीत असेल तर कळवा, त्या थांबणाऱ्यातल्या नाहीत.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणी सगळ्यात नितळ. मे संपता संपता पावसाळ्यासाठी हे सगळं बंद होतं, ते ऑगस्ट सरेपर्यंत. सकाळची होडी घ्या, दुपारनंतर वारा वाढतो. निघताना पोट भरून खाऊ नका, उपाशीही जाऊ नका. आणि टी-शर्ट मुलाचा नको, स्वतःच्या मापाचा घ्या. आमच्या जाऊबाईंनी मालवणच्या बाजारातून घेतला, गडद निळा. दिग्रसला आल्यावर तो अंगणातल्या तारेवर, पुढच्या बाजूला, सगळ्यांना दिसेल असा वाळत घातला होता.