बदनाम वस्त्यांचे चेहरे

प्रत्येक मोठ्या शहरात एखादा असा भाग असतो, की ज्याचे नाव घेताच रिक्षावाला नकारार्थी मान हलवतो आणि घरची मंडळी "तिकडे कशाला?" असे विचारतात. बालरोगतज्ज्ञाला मात्र या भागांची ओळख टाळता येत नाही. केसपेपरवरचा पत्ता हा आमच्या दृष्टीने निदानाचाच एक भाग असतो. शिक्षण, परिषदा आणि लसीकरणाची शिबिरे यांच्या निमित्ताने चार-पाच महानगरांतील अशा वस्त्यांतून मी हिंडलो आहे. गरिबी सगळीकडे सारखीच, तरी या वस्त्या दिसायला एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत. हा वेगळेपणा बहुतांशी जमीन कोणाची आणि कायदा कोणता, यावर ठरतो.

मुंबईची धारावी सर्वांच्या परिचयाची. माहीम आणि शीव यांच्या मधल्या जेमतेम दोन-अडीच चौरस किलोमीटरांत लाखो माणसे राहतात. बाहेरून पाहणाऱ्याला पत्र्यांचा एक अखंड समुद्र दिसतो. आत शिरल्यावर कळते, की ही अनेक गावे आहेत. कुंभारवाड्यात सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर, तमिळ वस्तीत इडलीची भांडी, एका बाजूला चामड्याचे काम, दुसरीकडे प्लास्टिकची वर्गवारी. गल्ली इतकी अरुंद की समोरून कोणी आले तर एकाने अंग चोरावे. घर वाढते ते वरच्या दिशेने: पोटमाळा, मग लोखंडी शिडी, मग वर भाडेकरू. धारावीत भीती वाटत नाही, कारण तिथे प्रत्येक जण कामात असतो आणि अनोळखी माणसावर दहा डोळे असतात. परंतु ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, आणि शौचालय बहुतेकांसाठी सार्वजनिक. एप्रिल २०२० मध्ये तिथे कोरोना शिरला तेव्हा प्रशासनाला पहिली चिंता या शौचालयांचीच होती.

कोलकात्याची बस्ती अगदी निराळी. तिथे जमीनमालक एक, त्याच्याकडून जमीन घेऊन खोल्या बांधणारा 'ठिका' कूळ दुसरा आणि खोलीत राहणारा भाडेकरू तिसरा, अशी तीन पायऱ्यांची उतरंड होती. पक्के बांधकाम करण्यास ठिका कुळाला दीर्घकाळ आडकाठी असल्यामुळे वस्ती ठेंगणी राहिली: मातीच्या कौलांची छपरे, मध्ये अंगण, अंगणात नळ. १९८१ च्या कायद्याने अशा जमिनी सरकारकडे आल्या. वस्त्या हलवता येणार नाहीत हे मान्य करून १९७० च्या दशकात तिथे नळ, शौचालये आणि फरसबंद गल्ल्या देण्यात आल्या. पावसाळ्यात अंगणात पाणी साचते हे खरे. पण ते अंगण म्हणजे एक सामायिक पाळणाघरच असते. आई कामाला गेली तरी मूल कोणाच्या तरी नजरेखाली राहते. ही गोष्ट कोणत्याही नकाशावर दिसत नाही.

दिल्लीत मला नेमके उलटे जाणवले. आणीबाणीच्या काळात, १९७५ ते १९७७ या वर्षांत, सुमारे सात लाख माणसांना झुग्ग्यांतून उचलून शहराबाहेरच्या वसाहतींत नेण्यात आले. जहांगीरपुरी, मंगोलपुरी, त्रिलोकपुरी ही नावे त्याच काळातली. तिथले रस्ते पट्टीने आखल्यासारखे सरळ, भूखंड जेमतेम पंचवीस चौरस वारांचे. आता त्याच भूखंडांवर तीन-चार मजले चढले आहेत. आखणी नीटस असली तरी शेजार नव्याने जुळवावा लागला. कामाची ठिकाणे दूर गेली, आणि त्याचा पहिला फटका बायकांच्या घरकामाच्या नोकऱ्यांना बसला.

चेन्नईमध्ये झोपडपट्टी निर्मूलन मंडळ १९७० पासून आहे (२०२१ मध्ये त्याचे नाव बदलले). कूवम नदीच्या काठावरून हटवलेल्या अनेक कुटुंबांना शहराच्या दक्षिण टोकाला कन्नगी नगर आणि पुढे पेरुम्बाक्कम येथील इमारतींत घरे मिळाली. इमारती पक्क्या, पण हा पत्ता सांगितला की नोकरी मिळत नाही, अशी तक्रार तिथल्या तरुणांनी वर्षानुवर्षे केली आहे. २०२० मध्ये भिंतींवर मोठमोठी चित्रे रंगवून तो डाग पुसण्याचा प्रयत्न झाला. चित्रे देखणी आहेत. आजारी बाळ घेऊन मोठ्या रुग्णालयापर्यंत जाण्याचे अंतर अर्थातच तेवढेच राहिले.

इथे आपल्या व्यवसायाशी निगडित एक मुद्दा जरा विस्ताराने सांगितला पाहिजे. पत्र्याचे घर वाईट आणि सिमेंटचे चांगले, असा आपला सर्वसाधारण समज असतो. मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागातील पुनर्वसन इमारतींची एक पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिथे काही ठिकाणी दोन इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरांचे अंतर आहे. अशा वसाहतींत, विशेषतः खालच्या मजल्यांवर, क्षयरोगाचा संबंध प्रकाश आणि वायुवीजन यांच्या अभावाशी आढळला. कारण उघड आहे. रुग्णाच्या खोकल्यातून निघालेले सूक्ष्म कण कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. वारा त्यांना विरळ करतो आणि सूर्यप्रकाश जंतू मारतो. मोठ्या माणसाचा क्षय सर्वाधिक धोक्याचा ठरतो तो त्याच खोलीत रांगणाऱ्या बाळाला. तेच उघड्या गटाराचे. वारंवार होणाऱ्या संसर्गाने आतड्याच्या अस्तराची हानी होते, आणि मग अन्न पोटात जाऊनही अंगी लागत नाही. मुलाची उंची खुंटते. आई म्हणते, "खातो तर बरा." ती खरेच सांगत असते.

आता आपले इंदूर. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडेस यांनी होळकर दरबाराला नगररचनेचा अहवाल सादर केला. जुने मोहल्ले पाडून सरळ रस्ते काढण्याच्या ते विरुद्ध होते. आवश्यक तेवढेच कापा, बाकीचे जपा, असा त्यांचा आग्रह, आणि त्याला त्यांनी नावही शस्त्रक्रियेचेच दिले होते. दिवाळीची मिरवणूक सर्वाधिक स्वच्छ होणाऱ्या मार्गाने निघेल, असे जाहीर करून त्यांनी प्लेगने गांजलेल्या शहराकडून झाडलोट करवून घेतली. पुढे १९९० च्या दशकात हिमांशू पारीख यांच्या योजनेने येथील १८३ वस्त्यांत काम झाले. गरीब वस्त्या ओढ्या-नाल्यांच्या काठी असतात, तेव्हा त्यांची गटारे हीच शहराच्या मलनिःसारणाची शाखा समजावी आणि शौचालय प्रत्येक घराला वेगळे द्यावे, ही त्यामागची कल्पना. १९९८ मध्ये तिला आगाखान वास्तुकला पुरस्कार मिळाला. चारच वर्षांनी गीता दिवाण वर्मा यांनी आपल्या पुस्तकात तिच्यावर कठोर टीका केली. त्यांचा रोख नळ्यांची जोडणी आणि देखभाल यांतील उणिवांवर होता. माझ्या मते कल्पना योग्यच होती. मात्र गाडलेली नळी पुरस्कार देणाऱ्यांना दिसत नाही, तशी ती तुंबली तरी लगेच दिसत नाही.

मालवा मिल, परदेशीपुरा, बाणगंगा या भागांतून येणाऱ्या आयांना मी वजन-उंचीच्या आधी चार प्रश्न विचारतो: पाणी किती वाजता येते, शौचालय घरात आहे की बाहेर, खोलीला खिडकी किती, आणि तुम्ही कामावर असताना बाळाजवळ कोण असते. उत्तरे मिळेपर्यंत तपासणीचे निम्मे काम झालेले असते.