बाराचे ठोके

आमच्या घरी रविवारचं नियोजन पूर्वी एक्सेल शीटमध्ये व्हायचं. हसू नका, सॉफ्टवेअरवाल्याच्या घरात असंच चालतं. दोन वर्षांपूर्वीच्या एका शीटप्रमाणे सकाळी प्राणिसंग्रहालय, दुपारी गोवळकोंडा आणि संध्याकाळी हुसेनसागरातल्या बुद्धापर्यंत बोटीची फेरी होती. पण नेहरू प्राणिसंग्रहालय पडलं ३८० एकरांचं! वाघ दिसेपर्यंत धाकटा माझ्या कडेवर आला होता. गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवर भर उन्हात लेकीने बसकण मारली. आणि बुद्धापाशी पोहोचलो तेव्हा दोन्ही मुलं गाडीत गाढ झोपलेली. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी एकच ठिकाण."

तो नियम आम्ही अजून पाळतो. त्यातला सगळ्यात चांगला जमलेला दिवस सालारजंग संग्रहालयाचा, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो.

गेल्या वर्षी बाबा काचीगुड्याचं घर सोडून आमच्याकडे कोंडापूरला आले. आई गेल्यावर ते एकटे पडले होते, त्यात गुडघ्यांचं दुखणं. इथे चौदाव्या मजल्यावर ते गॅलरीत बसून असत. सात वर्षांची लेक शाळेतून आली की "हाय आजोबा" म्हणायची आणि टॅबमध्ये शिरायची. दोघांचं भांडण नव्हतं, पण बोलायला विषयही नव्हता. एकदा बाबाच म्हणाले, "हिला घड्याळ दाखवलं का रे?" मला वाटलं, मॉलमधलं कुठलंतरी. "सालारजंगचं!" ते जवळजवळ रागावलेच.

रविवारी आम्ही मेट्रोने निघालो. हायटेक सिटीहून अमीरपेट, तिथे गाडी बदलून एमजीबीएस आणि पुढे रिक्षा. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, त्यामुळे गुडघेवाल्यांचीही सोय होते; जुन्या शहरात पार्किंग शोधण्यापेक्षा हे कितीतरी बरं. संग्रहालयात व्हीलचेअर मिळाली, पण बाबा बसेनात. "मी काय म्हातारा झालो?" मी समजावून थकलो. शेवटी लेक म्हणाली, "आजोबा, तुम्ही बसा ना, मला ढकलायचीय." तेव्हा बसले.

दोन मजल्यांवर मिळून तिथे ३८ दालनं आहेत. सगळी बघायला जाऊ नका, मुलं विटतात. आम्ही चारच गोष्टी ठरवल्या होत्या. पहिली बुरख्यातली रेबेका. बेन्झोनी या इटालियन शिल्पकाराचं हे काम पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली आणलं. संगमरवराचाच पातळ बुरखा आणि त्याच्याआडून दिसणारा चेहरा! लेकीचा प्रश्न, "तिला बाहेरचं दिसतं का?" मग मेफिस्टोफेलिस आणि मार्गारेटा, एकाच लाकडात समोरून सैतान आणि पाठीमागून खाली मान घातलेली मुलगी. मागे आरसा असल्याने दोन्ही बाजू एकदम दिसतात, तरी धाकट्याने खात्री करायला तीन फेऱ्या मारल्या. त्यानंतर खेळण्यांचं दालन. तिथली आगगाडी आणि सैनिकांची पलटण सोडून निघायला आम्हाला लाच द्यावी लागली. (बिस्किटांची.)

आणि मग घड्याळ. बाराचे ठोके बघायचे असतील तर पावणेबारालाच जाऊन बसा, नंतर पुढे जागा मिळत नाही. कलकत्त्याच्या कुक अँड केल्वी कंपनीकडून आलेलं हे घड्याळ. एक छोटा लोहार सेकंदासेकंदाला घण घालत असतो. तास भरायच्या थोडं आधी दार उघडून एक दाढीवाला बाहेर येतो, ठोके देतो आणि परत आत जातो. बस, एवढंच. मला खरं सांगायचं तर धास्ती होती, की व्हिडिओत रमणाऱ्या मुलांना यात काय वाटणार?

पण वाट बघण्याच्या त्या पंधरा मिनिटांत बाबा बोलायला लागले. त्यांनी हे घड्याळ पहिल्यांदा पाहिलं ते दिवाण देवडीत, संग्रहालय या इमारतीत १९६८ साली आलं त्याच्याही आधी. वडिलांच्या खांद्यावर बसून. "दाढीवाला आत गेला तेव्हा मी रडलो होतो," बाबा म्हणाले. लेकीला हे इतकं आवडलं की तिने दोनदा सांगायला लावलं. मलाही ही गोष्ट माहीत नव्हती. ठोके सुरू झाले तेव्हा कुणी तेलुगूत मोजत होतं, कुणी उर्दूत. आमच्या रांगेत "नऊ, दहा, अकरा, बारा" असा आजोबा-नातीचा एकच आवाज होता.

संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि प्राणिसंग्रहालय सोमवारी, हे लक्षात ठेवा. प्राणिसंग्रहालयात बॅटरीवर चालणारी गाडी घ्या, पैशांकडे बघू नका. गोवळकोंडा थंडीत आणि सकाळीच करावा. एकाने फतेह दरवाज्याच्या घुमटाखाली टाळी वाजवायची आणि दुसऱ्याने वर बालाहिसारला ऐकायची, हा खेळ मुलांना वर चढवतो. डायनासोरवेडी मुलं असतील तर बिर्ला विज्ञान संग्रहालयातला कोटासॉरस चुकवू नका. त्याची हाडं परदेशातून आणलेली नाहीत, ती आदिलाबाद भागातल्या यामनपल्लीची आहेत. शेजारीच तारांगण आहे, पण हव्या त्या भाषेतल्या खेळाची वेळ आधी विचारून घ्या.

घरी परतताना मेट्रोत लेक बाबांच्या शेजारी बसली होती. दाढीवाला रात्री झोपतो का, त्याला सुट्टी असते का, अशी चौकशी चालली होती. कोंडापूरला पोहोचेतोवर पुढचा रविवारही ठरला होता, मला न विचारता. बाबा तिला काचीगुडा स्टेशन दाखवणार आहेत. त्यांचे वडील परभणीहून नोकरीसाठी आले तेव्हा तिथेच उतरले होते, एक ट्रंक आणि वळकटी घेऊन.

"त्याला तिकीट लागतं का?" लेकीने विचारलं.

"हौ, प्लॅटफॉर्मचं लागतं," बाबा म्हणाले. "मी काढीन."