नकाशावर हिरवं, सातबाऱ्यावर कोण?

आमच्या गल्लीच्या टोकाला पत्र्याचं कुंपण घातलेला एक भूखंड आहे. आत सुबाभूळ माजलीय, कोपऱ्यात कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा आहे आणि कुंपणावर गंजलेली पाटी आहे: ‘उद्यानासाठी आरक्षित’. मध्यंतरी आसपासच्या सोसायट्यांची बैठक भरली, तेव्हा शेजारच्या काकूंनी विकास आराखड्याच्या भाग नकाशावर बोट ठेवलं. ‘हे बघा, हिरवं दाखवलंय. म्हणजे जागा सरकारची झाली. बाग करायची तेवढी राहिलीय.’ मी सातबारा काढून नेला होता. भोगवटादाराच्या जागी तीन चुलत भावांची नावं होती, पालिकेचं नाव कुठेच नव्हतं. काकू त्या कागदाकडे बराच वेळ बघत राहिल्या.

हा गैरसमज एकट्या काकूंचा नाही. आरक्षण म्हणजे मालकी नव्हे, हे चांगल्या शिकल्यासवरल्या माणसांनाही ठाऊक नसतं. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली शहराचा विकास आराखडा होतो. त्यात उद्यानाचा हिरवा रंग भरला की त्या जागेवर दुसरं काही बांधायला परवानगी मिळत नाही. एवढंच होतं. जागा ज्याची होती त्याचीच राहते. शिवाय हे आरक्षण सातबाऱ्यावर दिसेलच असं नाही. त्यासाठी झोन दाखला काढावा लागतो. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा.

मालकी बदलते ती पुढच्या टप्प्यात, म्हणजे संपादनात. कायद्याच्या कलम १२६ मध्ये त्याच्या तीन वाटा आहेत. मालकाशी बोलणी करून पैसे मोजायचे, ही पहिली. पैशांऐवजी वाढीव चटई क्षेत्र किंवा हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे टीडीआर द्यायचा, ही दुसरी. दोन्ही जमलं नाही तर पालिकेने राज्य सरकारकडे अर्ज करायचा आणि सरकारने २०१३ च्या भूसंपादन कायद्याने जमीन घ्यायची, ही तिसरी. जागा हवी असते पालिकेला, पण सक्तीने घेण्याचा अधिकार सरकारचा.

‘सरकारने मनात आणलं तर उद्या जागा घेईल, मालकाला चार पैसे देऊन वाटेला लावेल’ असंही सर्रास बोललं जातं. तो काळ गेला. १ जानेवारी २०१४ पासून नवा भूसंपादन कायदा लागू आहे. त्याप्रमाणे शहरी भागात बाजारमूल्य आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम द्यावी लागते, म्हणजे बाजारमूल्याच्या दुप्पट. पालिका टीडीआरसाठी मालकांच्या मागे लागतात, त्याचं कारण हेच. तिजोरीतून रोख जात नाही. पण टीडीआर घ्यायचा की नाही हे मालकाने ठरवायचं असतं. पुण्यातल्या टेकड्यांचं उदाहरण घ्या. समाविष्ट २३ गावांमधली सुमारे ९७८ हेक्टर जागा जैवविविधता उद्यान म्हणून आराखड्यात आली, २०१५ मध्ये सरकारने ती मंजूर केली आणि खासगी मालकांना मोबदला ठरला आठ टक्के टीडीआर. टेकडीवरच्या जागेचा मालक एवढ्यावर राजी होईल, अशी अपेक्षा ठेवणंच मला चुकीचं वाटतं. टेकडी वाचलीच पाहिजे, पण तिची किंमत एकट्या मालकाने मोजावी असं म्हणून ती वाचत नाही.

बाग हे कितीही चांगलं काम असलं, तरी घाईने जमीन ओढून घेता येत नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कोलकात्याच्या अशाच एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. तिथल्या महानगरपालिकेने उद्यानासाठी म्हणून एक खासगी मालमत्ता घेतल्याचा दावा केला होता. त्यासाठी बोट दाखवलं होतं स्वतःच्या कायद्यातल्या एका कलमाकडे. न्यायालय म्हणालं, ते कलम जागा हेरण्यापुरतं आहे, संपादनाची रीत त्यात नाही. मग राज्यघटनेच्या अनुच्छेद ३००अ मधून मालकाचे सात हक्क काढून दाखवले: आधी नोटीस, म्हणणं मांडायची संधी, कारणांसह निर्णय, खरंखुरं सार्वजनिक प्रयोजन, रास्त भरपाई, वेळेत चाललेली प्रक्रिया आणि शेवटी प्रत्यक्ष ताबा घेऊन तिची पूर्तता. यातलं एक वगळलं तरी संपादन कोसळू शकतं. बागेसाठी भांडणाऱ्या आपल्यासारख्यांनी ही यादी मालकाच्या बाजूची म्हणून नाकारू नये. पालिकेने यातली पायरी चुकवली की कोर्टात हरतो आपण, आणि बागही जाते.

आता सगळ्यात महागात पडणारा समज: ‘एकदा आरक्षण पडलं की ते कायमचं.’ कलम १२७ याच्या बरोबर उलट सांगतं. अंतिम आराखडा अमलात आल्यापासून दहा वर्षांत जागा घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. त्या नोटिशीपासून २४ महिन्यांत संपादन झालं नाही किंवा त्या दिशेने पाऊल पडलं नाही, तर आरक्षण रद्द होतं आणि जागा शेजारच्या भूखंडांसारखी बांधकामाला मोकळी होते. ही मुदत पूर्वी सहा महिन्यांची होती, मग वर्षाची झाली आणि २०१५ च्या दुरुस्तीने दोन वर्षांची. ‘पाऊल’ म्हणजे काय, यावरही खूप भांडण झालं. गिरनार ट्रेडर्सच्या खटल्यात २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सभागृहाचा ठराव किंवा सरकारकडे पाठवलेला प्रस्ताव पुरेसा नाही, संपादनाची अधिकृत घोषणाच हवी. म्हणजे नगरसेवकाने वाजतगाजत ठराव मंजूर करून घेतला, पेढे वाटले गेले, फ्लेक्स लागले, तरी त्या सगळ्यात घड्याळ थांबत नाही. किती बागा अशा नुसत्या पेढ्यांवर गेल्या असतील, याचा विचार करून जीव तुटतो.

नोटीस आल्याचं रहिवाशांना कुणी कळवत नाही. ती मालक आणि पालिका यांच्यातली बाब असते. त्यामुळे माहितीच्या अधिकारात एकच प्रश्न विचारावा: अमुक आरक्षणावर कलम १२७ ची नोटीस आली आहे का, असल्यास कोणत्या तारखेला?

सोसायटीच्या मंजूर लेआउटमध्ये सोडलेली मोकळी जागा मात्र वेगळी. तिला पालिकेची बाग समजू नका. ती त्या लेआउटमधल्या रहिवाशांसाठी असते. विकासकाला ती विकता किंवा बांधता येत नाही, आणि पालिकेलाही ती फुकटात नावावर करून मागता येत नाही.

समजा जागा सरकारची झाली, बागही झाली. मग ‘सरकारी जागा आहे, सरकार तिथे काहीही करेल’ हे खरं का? नाही. बंगळूरूत सदाशिवनगरच्या बाजूला उद्यानासाठी ठेवलेली जागा एका खासगी रुग्णालयाला देण्यात आली होती. रहिवासी कोर्टात गेले. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वाटप रद्दच ठेवलं. लखनौच्या झंडेवाला पार्कखाली भुयारी बाजार बांधला गेला, तर १९९९ मध्ये न्यायालयाने तो पाडून बाग पूर्ववत करायला लावली. सरकार अशा जागेचं विश्वस्त असतं. आरक्षण बदलायचं तर आराखड्यात फेरबदलाची सूचना काढून हरकती मागवाव्या लागतात. ती सूचना दोन वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर बारीक अक्षरात येते, तेवढी मात्र आपल्याला वाचावी लागते.

भाडेपट्ट्याबद्दलचे गैरसमज दोन टोकांचे. कुणी म्हणतं, पट्ट्याने दिली म्हणजे विकलीच. कुणी म्हणतं, पट्टा संपला की दुसऱ्या दिवशी फाटक उघडणार. जमीन महसूल संहितेत ‘शासकीय पट्टेदार’ हा भोगवटादारापेक्षा वेगळाच वर्ग आहे. त्याच्याकडे मुदत असते, ठरलेलं भाडं असतं आणि ठरलेला वापर असतो. शर्तभंग झाला तर जिल्हाधिकारी जागा परत घेऊ शकतो. पण घेऊ शकणं आणि घेणं यांत केवढं अंतर असतं, ते महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दिसलं. सुमारे २११ एकर जमीन, काही महापालिकेची, बरीचशी राज्य सरकारची. टर्फ क्लबचा पट्टा मे २०१३ मध्ये संपला. नवा निर्णय व्हायला २०२४ उजाडलं: १२० एकर पालिकेकडे उद्यानासाठी, ९१ एकर क्लबकडे २०५३ पर्यंत. मधली अकरा वर्षं घोडे धावतच होते.

‘दत्तक’ दिलेली बाग म्हणजे तर पट्टाही नव्हे. तो फक्त देखभालीचा परवाना. संस्थेला जमिनीत कसलाच हक्क मिळत नाही, आत जाणाऱ्याला अडवण्याचाही नाही. तरी मुंबईत अशा काही मैदानांवर क्लबहाऊस उभे राहिले, सदस्यत्वाच्या फिया लागल्या. लोक खवळले आणि जानेवारी २०१६ मध्ये नव्या मोकळ्या जागा धोरणाला स्थगिती मिळून दिलेले भूखंड परत घेण्याची मोहीम सुरू झाली. तुमच्या बागेचं फाटक दुपारी बंद असेल, तर आधी करारनामा मागा. मुदत कधी संपते आणि वेळा काय ठरल्यात, हे त्यात लिहिलेलं असतं.

आमच्या भूखंडाचं उत्तर परवा आलं. तिघा भावांची नोटीस चौदा महिन्यांपूर्वी दाखल झालीय. पालिकेने संपादनाचा प्रस्ताव अजून सरकारकडे पाठवलेलाच नाही. दहा महिने उरलेत. काकूंनी ती तारीख स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर लिहून ठेवलीय, दर सोमवारी त्या आणि आणखी चौघी नगररचना विभागात जाऊन बसतात. येत्या सोमवारी मीही रजा टाकलीय.