नामानाने खाली ठेवलेला मोठेपणा



नम्रता म्हणजे हळू बोलणे किंवा स्वतःला कमी लेखणे, अशी आपली समजूत असते. पवित्र शास्त्रात मात्र नम्रतेचे मूळ देवाच्या भयात आहे. हे भय म्हणजे शिक्षेची धास्ती नव्हे. देव कोण आणि आपण कोण, याची ती आदरयुक्त जाणीव आहे. ती असली की आपण दुसऱ्याला खालचा समजत नाही.

२ राजे, अध्याय ५ मधील नामान पाहा. तो अरामाचा सेनापती, पण कुष्ठरोगी. त्याला वाट दाखवली ती घरातल्या एका इस्राएली मुलीने, कैद करून आणलेल्या दासीने. शास्त्रात तिचे नावही नाही. तो १० किक्कार चांदी, ६,००० शेकेल सोने आणि १० पोशाख घेऊन अलीशाच्या दारी गेला. संदेष्टा बाहेरही आला नाही. यार्देनेत सात वेळा स्नान कर, एवढाच निरोप आला. नामान संतापला, दिमिष्काच्या नद्या काय वाईट होत्या? शेवटी चाकरांनी समजूत घातली, तो नदीत उतरला आणि शुद्ध झाला. त्याने इस्राएलाच्या देवाला खरा देव मानले. अलीशाने मात्र भेट घेतली नाही. देवाची कृपा विकाऊ नाही, हे त्यातून दिसते. गेहजीने लोभाने भेट मागून घेतली, तेव्हा नामानाचे कोड त्यालाच जडले.

ही गोष्ट आम्हा सेवकांनाही लागू पडते. एका थंडीत आम्ही पाड्यावर ब्लँकेट वाटत होतो. प्रत्येकाला ब्लँकेट हातात देऊन फोटोसाठी उभे करत होतो. त्यात माझाच पुढाकार होता. एक आजी म्हणाल्या, "आधी घरात ये, चहा पी. ब्लँकेट कुठं पळून जातंय?" त्या कोऱ्या चहासमोर माझी मान खाली गेली. मी देणारी म्हणून गेले होते, त्यांनी मला पाहुणी केले. त्या दिवशी पुढे फोटो काढले नाहीत.

प्रभू येशूने शिष्यांचे पाय धुतले (योहान १३), त्यांत त्याला धरून देणारा यहूदाही होता. पात्रता पाहून त्याने सेवा केली नाही.

आपल्या देणगीची गरज आहेच. पण पाड्यावर याल तेव्हा आधी बसा, ऐका, त्यांच्या हातचे पाणी घ्या. कदाचित देवाचा निरोप तिथल्याच एखाद्या लहान मुलीच्या तोंडी असेल.