मोटारींतील हवेची गाळणी

जुन्या घरांत पाणी फडक्यानें गाळल्यावांचून माठांत जात नसे आणि पीठ चाळल्यावांचून परातींत पडत नसे. गाळणें व चाळणें हा गृहव्यवस्थेचा पहिला धडाच होता. परंतु पाणी मनुष्य दिवसांतून चार-आठ वेळां पितो, हवा मात्र क्षणोक्षणीं घेतो. आणि ती गाळण्याची काळजी आपण क्वचितच वाहतों. आतां पुष्कळ घरांत मोटार ही चैनीची वस्तु राहिलेली नाहीं. आजोबांना डॉक्टरांकडे नेणें, नातवंडांना शाळेंत पोंचविणें, सणावारीं त्र्यंबकास किंवा वणीस जाणें, हें सर्व तिच्यांतूनच होतें. कांचा लावलेल्या या लहानशा खोलींत पांच माणसें तास-दोन तास बसतात. तेथें येणारी हवा कशांतून येते, याचा विचार येथें करावयाचें आम्हीं योजिलें आहे.

आजच्या बहुतेक मोटारींत बाहेरच्या हवेच्या वाटेवर घड्या घातलेल्या तंतुमय कागदाची एक चौकट बसविलेली असते. तिला केबिन फिल्टर म्हणतात. इंजिनाला हवा पुरविणारी गाळणी निराळी. ती यंत्राचें रक्षण करते, ही माणसांचें. कल्पना नवी नाहीं. अमेरिकेंतील नॅश या मोटार-कंपनीनें सन १९३८ मध्येंच बाहेरची हवा गाळून व ऊन करून आंत सोडण्याची सोय केली होती. कांहीं स्वस्त गाड्यांत मात्र गाळणीची जागा असते, गाळणी नसते; म्हणून आपल्या गाडींत ती आहे कीं नाहीं, हें प्रथम पाहावें.

नाशिककरांस या गोष्टीचें अगत्य विशेष आहे. मुंबई-आग्रा रस्त्यावरील मालमोटारींचा धूर, निफाड-दिंडोरीकडील द्राक्षबागांच्या वाटांची धूळ व फवारे, आणि सिंहस्थापूर्वीं ठिकठिकाणीं खणलेले रस्ते, यांची आपणांस ओळख आहेच. सन २०१९ मध्यें केंद्र सरकारनें हवा शुद्ध करण्याची जी राष्ट्रीय योजना आंखली, तींत नाशिकचें नांव आहे. धुळीचा जो कण अडीच मायक्रॉनांहून लहान, तो केसाच्या जाडीच्या सुमारें तिसाव्या हिश्श्याएवढा असतो व थेट फुप्फुसांच्या तळाशीं जातो. घरांत दम्याचा रोगी किंवा तान्हें मूल असल्यास ही गोष्ट उपेक्षेची नव्हे.

गाळणी तुंबली म्हणजे पंखा मोठ्यानें वाजतो, पण वारा थोडा येतो. गाडी सुरू करतांच कुबट वास सुटतो. पावसाळ्यांत कसाऱ्याच्या घाटांत धुकें दाटलें असतां पुढील कांचेवर आंतून वाफ धरते, आणि ती घालविण्यास लागणारा वारा अशा वेळीं पुरत नाहीं. तेथें दोन रुपयांच्या आळसाची किंमत फार मोठी पडूं शकते.

ही गाळणी बदलण्यास बहुतेक गाड्यांत मिस्त्री लागत नाहीं. वेळ पंधरा मिनिटांचा. गाडीचें नांव व वर्ष सांगून दुकानांतून योग्य मापाची गाळणी आणावी. साधी गाळणी कांहीं शें रुपयांत मिळते. गाडी व पंखा बंद करावा. डाव्या आसनापुढील कप्पा रिकामा करावा. त्याच्या दोन्ही कडा आंत दाबल्या म्हणजे अडकण सुटते व कप्पा खालीं लोंबतो. बाजूस दोरी किंवा दांडी असल्यास ती हलकेच काढावी. मागें एक लांबट झांकण दिसेल. त्याच्या खिट्ट्या दाबून तें काढावें. जुनी गाळणी ओढण्यापूर्वीं तिच्या कडेवरील बाण कोणीकडे आहे तें पाहून ठेवावें आणि ती आडवीच बाहेर घ्यावी, नाहींतर सांचलेला पाचोळा पंख्यांत पडतो. खांच कोरड्या फडक्यानें पुसून, बाण पूर्वीप्रमाणेंच ठेवून नवी गाळणी बसवावी. कड दुमडूं देऊं नये. फट राहिली कीं हवा तेथूनच जाते. शेवटीं पंखा सर्व वेगांवर चालवून खडखड होत नाहीं ना, तें ऐकावें. कांहीं गाड्यांत ही जागा कांचेखालीं किंवा पायांजवळ असते. तेव्हां गाडीबरोबर मिळालेलें पुस्तक आधीं वाचावें.

जुनी गाळणी धुऊन पुन्हां घालण्याची काटकसर खोटी आहे. पुष्कळ गाळण्यांच्या तंतूंवर विद्युद्भार असतो व त्यामुळें सूक्ष्म कण धरले जातात. पाण्यानें तो गुण जातो. जोराच्या हवेनें झटकल्यास कागद फाटतो. कोळशाची गाळणी वासहि शोषते. असा कोळसा पुष्कळदां नारळाच्या करवंटीपासूनच करतात. परंतु त्याची शक्ति संपली हें डोळ्यांना दिसत नाहीं. यास्तव वर्षांतून एकदां, धुळीच्या वाटांवर फिरणारांनीं त्याहूनहि लवकर, गाळणी बदलावी.

दोन गोष्टी मात्र ध्यानांत असाव्या. इंजिनाच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु कोणतीहि गाळणी अडवीत नाहीं. म्हणून बंद गॅरेजांत इंजिन चालूं ठेवून कधींहि बसूं नये. तसेंच आंतलीच हवा फिरविणारें बटन फार वेळ दाबून ठेवल्यास श्वासांतला कर्बवायु सांचतो व चालकास ग्लानि येते. मधून मधून बाहेरची हवा आंत घ्यावी.

पावसाळ्याची ओल सरल्यावर खंडेनवमी-दसरा येतो. त्या वेळीं वाहनास झेंडूची माळ घालण्यापूर्वीं घरांतील मुलामुलींकडून हें काम करवून घ्यावें. हात मळतील, पण आपण काय श्वासांत घेत होतों, हें त्या काळवंडलेल्या कागदावर त्यांना प्रत्यक्ष दिसेल, आणि तो धडा पुस्तकांतल्या धड्यापेक्षां अधिक काळ टिकेल.